डांबरशेठ खडीवर उतरले

डांबरशेठ हे नाव त्याला फार उशिरा मिळालं. त्याआधी तो स्वतःला नुसता 'ड्रायव्हर' म्हणवून घ्यायचा, पण म्हणायचा अशा सुरात, की ऐकणाऱ्याला वाटावं, जगात बाकी ज्यांच्या हातात स्टिअरिंग आहे ते सगळे हातगाड्या ढकलतात.

आठवडाभर तो गाड्यांच्या शोरूममध्ये विक्रीला असायचा. काचेच्या भिंती, आरशासारखी फरशी आणि त्या फरशीवर स्वतःचं प्रतिबिंब बघत फिरणारा हा. दारातून आलेलं गिऱ्हाईक गाडी घेणार की नुसतंच दारं उघडून बघणार, हे तो त्याच्या बुटांवरून ठरवायचा. बूट पसंत पडले नाहीत, तर माहितीपत्रक हातात कोंबून फोनवर बोलायचं सोंग करत मागे निघून जायचा. सुट्टीच्या दिवशी मात्र तो सर्किटवर असे. शहराबाहेरचा तो डांबरी ट्रॅक निघतो तिथेच परत येतो. त्याच्यावरचं प्रत्येक वळण याला पाठ होतं. ब्रेक कुठे दाबायचा, कुठे सोडायचा, कडेची कुठली पांढरी रेघ कुठल्या चाकाखाली आली पाहिजे, हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगितलं असतं. गाडीत बसायच्या आधी सगळेच ड्रायव्हर बुटांचे तळवे पुसतात. हा पुसून झाल्यावर पुन्हा उलटे करून बघायचा.

तो चांगला होता, हे कबूल केलं पाहिजे. पण ते आपण कबूल करायच्या आतच तो करून मोकळा व्हायचा, म्हणून कुणाला करावंसं वाटत नसे.

त्याचा थोरला भाऊ पाण्याचे पंप दुरुस्त करायचा आणि हौस म्हणून रॅलीत गाडी चालवायचा. ही रॅली म्हणजे जंगलातल्या, डोंगरातल्या खडीच्या रस्त्यांवरची. एकेक गाडी एकटीच सुटते, रस्ता बहुतेक वेळा आयुष्यात एकदाच हळू चालवून पाहिलेला असतो, आणि शेजारी नॅव्हिगेटर बसून पुढचं वळण ओरडून सांगत असतो. दादाची नॅव्हिगेटर म्हणजे त्याची बायकोच. वहिनी हॉस्पिटलात एक्स-रे काढायची. 'श्वास घ्या, रोखा, हलू नका' हे दिवसभर म्हणून म्हणून तिचा आवाज असा झाला होता, की घरातल्या मांजरालाही श्वास रोखावासा वाटे.

रविवारी दुपारी आईकडे सगळे जेवायला जमले की याची गाडी सुरू व्हायची.

"दादा, परवा कितवा आलास? म्हणजे मेंढ्या धरून की मेंढ्या सोडून?"

दादा हसून वाढून घ्यायचा. वहिनी हसायची नाही. "भावजी, तुमच्याकडे मेंढ्या नसतात हे खरं," ती म्हणायची. "सगळे एकामागे एक गोल फिरतात, तरीही." ती दिराला कायम अहो-जाहो करायची, आणि त्या अहो-जाहोत इतकी शिवी भरायची, की आईला मध्येच भाजी पुढे सरकवावी लागे.

मग एका मोसमाच्या तोंडावर दोन गोष्टी घडल्या. दादा एक जड पंप उचलताना वाकला आणि वाकलेलाच राहिला. मणक्याची चकती सरकली होती. डॉक्टरांनी कमरेला पट्टा बांधला आणि रॅलीचं नाव काढायचं नाही म्हणून सांगितलं. त्याच सुमारास सर्किटच्या टीममालकानं याला फोन करून कळवलं, की या वर्षी गाडी दुसऱ्याला देतोय. कारण विचारलं, तर मालक म्हणाला, "तू चांगलाच आहेस रे, पण तुझ्यासोबत गॅरेजमध्ये उभं राहायला कुणी तयार नाही."

घरी येऊन यानं सांगितलं, "मीच सोडलं. दर्जाच राहिला नाही."

कुणी विश्वास ठेवला नाही आणि कुणी बोलून दाखवलं नाही. फक्त आई म्हणाली, "मग दादाची गाडी नुसती उभी आहे, ती चालव."

"मी? मातीत?" यानं असं तोंड केलं, जसं कुणी त्याला गटार उपसायला सांगितलंय.

पुढचे काही आठवडे त्यानं ओळखीच्या प्रत्येक टीमला फोन करून पाहिले. कुणाकडेही जागा नव्हती, निदान याच्यासाठी तरी नव्हती. शेवटी एका रविवारी तो बोटं पुसत म्हणाला, "ठीक आहे. दादा, तुझ्यासाठी म्हणून करतो. एक-दोन रॅल्या जिंकून देतो, मग बघू."

"मोठीच मेहेरबानी," वहिनी म्हणाली. "नॅव्हिगेटर मीच असेन. गाडीतली माझी जागा काही सरकलेली नाही."

सराव एका बंद पडलेल्या दगडखाणीत ठरला. दादा कमरेचा पट्टा सांभाळत घडीच्या खुर्चीवर बसला. गाडी जुनी होती, दारं वेगवेगळ्या रंगांची, आत वंगणाचा आणि ओल्या गोणपाटाचा वास. यानं सीटवर टॉवेल अंथरला, आरसे नीट केले, आणि पहिल्याच वळणाला सर्किटवर जातो तसा गेला. सरळ रेषेत कडक ब्रेक, मग हळुवार स्टिअरिंग. चाकं वळली, पण गाडी वळली नाही. ती तशीच नाकासमोर चालत जाऊन मुरमाच्या ढिगात शिरली.

तो उतरला आणि पुढच्या चाकांकडे संशयानं बघू लागला. "हिचं अलाइनमेंट गेलंय."

"कालच केलंय," दादा म्हणाला.

"मग टायर भिकार आहेत."

"छोट्या, डांबर तुला धरून ठेवतं, खडी धरत नाही. इथे वळणावर पोचून वळायला जाऊ नकोस. आधीच गाडी फेकून आडवी कर. पहिल्यांदा उलट्या बाजूला झटका दे, मग हव्या त्या बाजूला. शेपटी फिरली की गॅस दे. ब्रेकला डावा पाय ठेव, उजवा गॅसवरून काढूच नकोस."

"म्हणजे मुद्दाम घसरायचं?"

"हो."

"याला ड्रायव्हिंग म्हणत नाहीत," तो म्हणाला. "याला तोल जाणं म्हणतात."

सर्किटवर गाडी घसरली की सेकंद गेला, आणि सेकंद गेला की अब्रू गेली, हे इतकी वर्षं त्याच्या हाडांत मुरलेलं. डोक्याला समजलं तरी हात ऐकायला तयार नव्हते. शेपटी जराशी सुटली की हात आपोआप तिला सावरायचे, आणि सावरली की गाडी पुन्हा सरळ ढिगात. संध्याकाळपर्यंत त्यानं खाणीतले सगळे ढीग एकेकदा तपासले. टॉवेलचा रंग ओळखू येईना. जाताना तो दादाला म्हणाला, "ही जागाच चुकीची आहे," आणि दादानं खुर्ची घडी करून घेतली.

पण तो पुन्हा गेला. पुन्हा पुन्हा गेला. दुसरीकडे जायला जागाच नव्हती. हळूहळू हात ऐकायला लागले. गाडी आडवी होऊन खिडकीतून पुढचा रस्ता दिसायला लागला. हे आपल्याला येतंय, याची त्याला शरमच वाटायची.

पहिल्या रॅलीआधी रस्त्याची पाहणी होती. साध्या गाडीतून हळू जायचं, ड्रायव्हरनं वळणं सांगायची, नॅव्हिगेटरनं लिहून घ्यायची. एक म्हणजे सगळ्यात तीव्र, सहा म्हणजे जवळजवळ सरळ.

"लिहा," हा म्हणाला. "डावीकडे सुंदर लांब वळण, आत शिरताना थोडी घाई वाटेल पण संयम ठेवायचा..."

वहिनीनं पेन्सिल खाली ठेवली. "भावजी, कविता संध्याकाळी करा. डावं की उजवं, किती, आणि पुढे काय. झाडावर आपटायच्या आधी मला एवढंच म्हणायला वेळ असतो."

रॅलीच्या सकाळी शेतातल्या तळावर गाड्या उभ्या होत्या. कुणी बॉनेटवर बसून पाव खात होतं, कुणी चाकाला लाथ मारून हवा तपासत होतं. हे लोक बघून याच्या कपाळावरच्या आठ्या मावेनात. त्यात एक गुरांचा डॉक्टर होता. पोट सुटलेला, रबरी बुटांतच गाडी चालवणारा, आणि म्हणे गेल्या वर्षीचा विजेता. यानं त्यालाच विचारलं, "इथे गाडी धुवायची सोय कुठे आहे?"

डॉक्टरानं तोंडातला घास गिळला. "आत्ता धुताय? बरं बरं. ओ डांबरशेठ, धुवून जा, झाडांना तेवढंच बरं दिसेल."

आजूबाजूचे सगळे खदाखदा हसले. दुपारपर्यंत ते नाव सगळ्या तळाला माहीत झालं होतं. स्वयंसेवकांनी वेळेच्या फळ्यावरही तेच लिहिलं.

पहिला टप्पा याचा बरा गेला. त्यामुळे डोक्यात हवा शिरली. दुसऱ्या टप्प्यात हेल्मेटमधून वहिनीचा आवाज येत होता, "चढावर सरळ. मग उजवं तीन. कापायचं नाही. आत दगड."

चढ संपला आणि त्याला वळण दिसलं. त्याच्या डोळ्यांना ते सर्किटवरच्या शेवटून दुसऱ्या वळणासारखं दिसलं, आणि ते वळण त्यानं कायम आतल्या कडेवर चाक घालून कापलं होतं. आतल्या बाजूला नुसतं गवत होतं. डोळ्यांसमोर गवत दिसतंय आणि एक बाई दगड म्हणतेय. त्यानं डोळ्यांचं ऐकलं.

गवतात दगड होता. पुढचं चाक कुठल्या कुठे गेलं, गाडी अर्धी गिरकी घेऊन बांधाला टेकली आणि वाफ सोडायला लागली.

वहिनीनं पट्टे सोडले, उतरली, मागून येणाऱ्यांसाठी त्रिकोण लावला, आम्ही ठीक आहोत ही पाटी उंच धरली. गुरांचा डॉक्टर गाडी घेऊन घरंगळत आल्यासारखा झाडांमधून आला आणि जाता जाता हॉर्न वाजवून गेला. मग ती बांधावर बसली, पिशवीतून थर्मास काढला आणि एकाच कपात कॉफी ओतली.

"गवत दिसत होतं," तो म्हणाला.

"हो."

"दगड दिसत नव्हता."

"म्हणूनच लिहिला होता. दिसणाऱ्या दगडाला मी कशाला पेन्सिल झिजवू?" ती एक घोट प्यायली. "भावजी, मी एवढी वर्षं लोकांच्या हाडांचे फोटो काढतेय. तुम्ही मला आज माझ्या ओळखीच्या टेबलावर झोपवायला निघाला होतात."

"काही लागलं का तुम्हाला?"

"विचारलंत, आभारी आहे," ती म्हणाली. "पण चाक गेलं त्याच्या आधी विचारायचं असतं."

वरच्या उतारावर बसलेल्या बघ्यांपैकी कुणीतरी ओरडलं, "डांबरशेठ, रस्ता संपला का?" यानं हेल्मेट काढलंच नाही. क्रेन येईपर्यंत तो काच खाली ओढून तसाच उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरी दादा भिंतीला धरून उठला आणि म्हणाला, "चाक बसवून होईल. पण पुढच्या रॅलीआधी एकदा तू तिच्या जागी बसायचंस. ती चालवेल, तू वाच."

"त्यानं काय होणार?"

"काही नाही झालं तर निदान तुझं तोंड एक दिवस कामात राहील."

ओळखीच्या एका लाकूड-व्यापाऱ्याच्या जंगलातला रस्ता मिळाला. वहिनी चालवायला बसली. ती काही फार चांगली चालवत नव्हती. गिअर टाकताना खर्रकन आवाज यायचा, आणि प्रत्येक खर्ररला हा "अरेरे" म्हणायचा. पण पहिल्या काही वळणांतच त्याचं अरेरे बंद झालं. मांडीवरच्या कागदावर नजर ठेवायची तर रस्ता दिसत नाही. रस्ता बघायचा तर ओळ हरवते. गाडी उडाली की अक्षरं उडतात, गाडी आडवी झाली की पोट आडवं होतं. पुढे काय आहे हे नुसत्या बुडाला बसलेल्या धक्क्यांवरून ओळखायचं, आणि पुढचं वळण आताचं वळण संपायच्या आत म्हणायचं. तो घामानं भिजला. ओठ पांढरे पडले. एका ठिकाणी तो एक ओळ मागे राहिला.

"डावं... डावं दोन!" तो किंचाळला तोपर्यंत वहिनीनं ब्रेकवर उभं राहून गाडी थांबवली होती. पुढची चाकं चराच्या काठावर होती. समोर खाली ओढ्याचं पाणी दिसत होतं.

तो दार उघडून बाहेर गेला आणि एका झाडाच्या बुंध्याशी ओकला. मग तो रुमालानं तोंड पुसू लागला. ही बाई त्याच्या शेजारी बसून मान खाली घालून वाचत असते. समोर काय येतंय हे तिला दिसतही नाही. आपण जे करू ते तिच्या हाडांना आधी कळतं. आणि तरी तिचा आवाज एकदाही थरथरलेला त्याला आठवेना. ज्या आवाजाला तो मनातल्या मनात 'हॉस्पिटलचा भोंगा' म्हणत आला होता, तोच तो आवाज.

हे सगळं त्याच्या मनात आलं. तोंडातून आलं ते एवढंच, "तुमचा क्लच फार वर धरतोय."

"बरं," वहिनी म्हणाली आणि पाण्याची बाटली पुढे केली. यावेळी तिनं बाटली पुढे केली, एवढं त्याच्या लक्षात आलं.

पुढच्या रॅलीत पावसाचा थेंब नव्हता आणि हवा पडलेली. डोंगरावरच्या टप्प्यात पुढच्या गाडीची धूळ झाडांमध्ये तशीच लोंबत होती. पहिल्याच चढावर काच भुरकट झाली आणि रस्ता नाहीसा झाला. दिसत होतं ते फक्त बॉनेट. सर्किटवर असं झालं असतं तर शर्यत थांबवली असती, माणसं झेंडे घेऊन धावली असती. त्याचा उजवा पाय गॅसवरून उठायला लागला.

"चढ, सरळ, पूर्ण गॅस," वहिनी म्हणाली. एक्स-रेच्या खोलीत म्हणते तसंच.

पाय खाली गेला. गाडी चढावरून सुटली, चारही चाकं हवेत, खाली काय आहे ते दोघांनाही दिसत नव्हतं. ती सरळ उतरली. रस्ता सरळच होता. "डावं पाच, पुढे मोठं होत जातं. उजवं चार, सैल खडी. डावं दोन, कापायचं." तो फेकत गेला, ती सांगत गेली. धुळीतून गाडी एका वळणातून दुसऱ्या वळणात आडवीच सरकत होती, आणि त्याला कळलं की आपण श्वास रोखून धरलाय आणि आपल्याला हसू येतंय.

टप्पा संपला तेव्हा दोघांच्या भुवया मातीच्या झाल्या होत्या.

"धूळ फार आहे," तो म्हणाला.

"हो," ती म्हणाली. "असते."

त्या दिवशी ते मधल्याच कुठल्यातरी क्रमांकावर आले. गुरांचा डॉक्टर पुष्कळ पुढे होता. तळावर तो रबरी बूट आपटत आला आणि म्हणाला, "डांबरशेठ, आज झाडांना नमस्कार न करता आलात?" घरी जाताना यानं वहिनीला विचारलं, "हा बैलांना इंजेक्शन देणारा धुळीतल्या त्या डाव्या वळणावर नेमकं काय करतो?" ती म्हणाली, "विचारा त्याला." त्यापुढचा महिनाभर तो विचारू की नको या विचारात होता. शेवटी त्यानं विचारलं, आणि डॉक्टरानं लगेच सांगितलंही. इतक्या सहज सांगितलं की याला आणखीनच राग आला.

वर्ष संपत आलं तेव्हा सर्किटच्या टीममालकाचा फोन आला. त्याचा नवा ड्रायव्हर हात मोडून बसला होता. हा गेला. गॅरेज तसंच चकचकीत, फरशीवर तेलाचा डाग नाही, माणसं कुजबुजत बोलणारी. यानं सवयीनं बुटांचे तळवे पुसले. शर्यतीत मधेच कुणाच्या तरी गाडीचं तेल सांडलं, आणि त्याच्या पुढच्या दोन गाड्या गरागरा फिरून बाहेर गेल्या. याची शेपटी सुटली, त्यानं तिला तशीच सुटू दिली, आडव्या गाडीतून खिडकीबाहेर बघत पार झाला आणि शर्यतीत दुसऱ्या क्रमांकावर आला. प्रेक्षक उभे राहिले. मालक धावत आला.

"हे कुठे शिकलास? पुढच्या वर्षी जागा तुझीच."

यानं हातमोजे काढले. त्याला मालकाच्या पांढऱ्याशुभ्र बुटांकडे बघून कीव आली. "नको," तो म्हणाला. "वीस वेळा तेच वळण. तुम्हाला कंटाळा कसा येत नाही?"

"तुझ्या जागेसाठी रांग आहे बाहेर!"

"मग त्यांना फिरवा गोल."

रविवारी आईकडे जेवताना त्यानं सर्किटवाल्यांची अशी काही सालटी काढली, की विचारू नका. झाडून ठेवलेल्या रस्त्यावर फिरणारे, वाऱ्यानं पान पडलं तर तक्रार करणारे, रोज तोच धडा वाचून पहिला नंबर मिळवणारे. आई भाजी सरकवायला विसरून ऐकत बसली.

"अहो," वहिनी दादाला म्हणाली, "यांना कमी लेखायला कुणीतरी लागतंच. निदान दिशा बदलली."

"मी खरं तेच बोलतोय, वहिनी."

"पूर्वीही खरं तेच बोलत होतात. कोशिंबीर घ्या."

तो सुधारला असं त्याच्याबद्दल कुणी म्हणत नाही. शोरूममध्ये तो अजून बुटांकडे बघतो. फरक एवढाच, की चिखलाचे बूट दिसले तर तो आता आधी त्यांच्याकडे जातो, आणि स्वच्छ बूटवाल्याला माहितीपत्रक देऊन फोनवर जातो. दादाची कमर बरी झाली, पण रॅलीला तो परतला नाही. खुर्ची घेऊन वळणांवर बसतो आणि डांबरशेठ नीट आडवा गेला की शेजाऱ्याला सांगतो, "माझा भाऊ." चुकला की सांगत नाही.

एका वर्षी डॉक्टराची गाडी पहिल्याच टप्प्यात बंद पडली आणि हे दोघं तिसरे आले. बक्षिसाच्या ओट्यावर स्थानिक वार्ताहराला तो धुळीतली दृष्टी, अंतःप्रेरणा वगैरे सांगत होता. वहिनी खाली उतरून हेल्मेट पिशवीत भरत होती. वार्ताहर तिच्याकडे वळला. "तुमचे दीर इतके चांगले कसे चालवायला लागले?"

"चांगलं कुठे?" ती म्हणाली. "सांगितलं तर ऐकतात. नाही सांगितलं तर अजूनही गवतात जातात."

मग तिनं ओट्याकडे बघून हाक मारली, "भावजी, तुमचं संपलं की जादाचं चाक गाडीत चढवायला या. क्रेन दुसऱ्यांसाठी आहे आज."

तो मध्येच बोलणं तोडून आला आणि चाकाची दुसरी बाजू धरली.